दादा, बंद करूया का? – जॅक ब्लॅक, ‘इयर वन’ आणि बावन्नावं मिनिट

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे स्वागत आहे. मागच्या एपिसोडला माझा माइक फार जवळ होता आणि प्रत्येक ‘प’ आणि ‘भ’ला कानात फुंकर मारल्यासारखं वाटत होतं, अशी तक्रार तिघांनी केली. तक्रार मान्य. यावेळी दुरुस्ती केली आहे. कुणी केली ते शेवटी सांगतो.

आजचा विषय एका सिनेमाचा आहे. चांगल्या सिनेमाचा नाही. चांगल्या सिनेमावर सगळेच बोलतात. आज मला अशा सिनेमावर बोलायचंय जो वाईट आहे, पण ज्यात आपला लाडका माणूस आहे. हे दुःख तुम्हाला माहीत असेल. अनोळखी माणसाचा सिनेमा वाईट निघाला तर आपण बंद करून झोपतो. लाडक्या माणसाचा वाईट निघाला तर आपण शेवटपर्यंत बसतो, कारण मनात कुठेतरी वाटत असतं की आता काहीतरी करेल, आता करेल.

माझा लाडका माणूस म्हणजे जॅक ब्लॅक. आणि सिनेमा, ‘इयर वन’. साल 2009.

आधी जॅक ब्लॅक का, ते सांगतो. आम्ही विट्याचे. सांगली जिल्हा. आमचे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आता रिटायर झालेत. घरी मी आणि माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान भाऊ. घरात त्याला सगळे छोट्या म्हणतात, मीही म्हणतो, त्यामुळे इथेही छोट्याच म्हणेन. मी दहावीत आणि तो दुसरीत असताना केबलवर ‘कुंग फू पांडा’ लागायचा, हिंदी डब. आता गंमत बघा, हिंदी डब म्हणजे त्यात जॅक ब्लॅकचा आवाजच नाही! तरी आम्ही दोघं त्या पांडाचे फॅन. छोट्या उशी पोटाला बांधून पलंगावरून उडी मारायचा आणि आई खालून ओरडायची.

पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो. हॉस्टेलमध्ये एका मित्राच्या हार्ड डिस्कवर ‘स्कूल ऑफ रॉक’ मिळाला. 2003चा, रिचर्ड लिंकलेटरने केलेला. तेव्हा कळलं की पांडाच्या आतला माणूस हा आहे. सुट्टीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवर छोट्याला दाखवला. त्याला इंग्रजी अर्धं कळत नव्हतं, मीच मधे मधे सांगत होतो. पण शेवटच्या कॉन्सर्टला पोरगं उभं राहिलं होतं. तेव्हापासून हे आमचं दोघांचं खातं. ‘नाचो लिब्रे’ बघितला, ‘जुमांजी’ बघायला खास सांगलीला गेलो. आठ वर्षांचं अंतर असलं की भावाभावांत बोलायला विषय कमी असतात. आमच्याकडे एक जाडा अमेरिकन माणूस होता.

बरं, आता मुद्द्याकडे.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी आईचा फोन आला. छोट्या तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. चार विषय राहिलेले, त्यात एम-थ्री दुसऱ्यांदा. वायडी लागायची वेळ आलेली. आई म्हणाली, “तो शनिवारी तुझ्याकडे यायलाय पुण्याला. जरा बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो.”

तुझं ऐकतो तो, हे वाक्य मोठ्या भावांना आणि बहिणींना फार गोड वाटतं. मीही छाती फुगवून हो म्हणालो.

छोट्या आला. बॅग टाकली, आंघोळ केली, जेवलो. आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. ऑफिसमध्ये मी क्लायंटसमोर अर्धा तास न थांबता बोलतो, पण सख्ख्या भावाला ‘काय चाललंय तुझं’ एवढं विचारता येईना. मग जे सगळेच पुरुष करतात तेच केलं. म्हटलं, “सिनेमा बघायचा?”

तो म्हणाला, “जॅक ब्लॅकचा कुठला राहिलाय?”

राहिला होता ‘इयर वन’. मुद्दाम ठेवलेला. रेटिंग वाईट आहे हे मला माहीत होतं, पण मी मनात म्हणायचो, समीक्षकांना काय कळतंय. शंभर-दीडशे रुपये भाडं भरलं आणि लावला.

आता कागदावर हा सिनेमा बघा. दिग्दर्शक हॅरॉल्ड रेमिस. म्हणजे ‘ग्राउंडहॉग डे’ बनवणारा माणूस, ‘घोस्टबस्टर्स’मधला चष्मेवाला ईगॉन. निर्माता जड अ‍ॅपॅटो. जॅक ब्लॅकच्या जोडीला मायकेल सेरा, जो दोन वर्षांपूर्वी ‘सुपरबॅड’ आणि ‘जुनो’मुळे गाजलेला. शिवाय पॉल रड, डेव्हिड क्रॉस, हँक अझारिया, ऑलिव्हर प्लॅट, ऑलिव्हिया वाइल्ड. रेमिससोबत पटकथा लिहिणारे दोघं ‘द ऑफिस’च्या लेखकांच्या टीममधले. ही टीम बघून कुणीही पैसे लावेल. लावलेही, साधारण 6 कोटी डॉलर. जगभरात कमाई झाली त्याच्या जेमतेम बरोबरीची, आणि थिएटरवाल्यांचा वाटा वजा केला की तोटाच. त्याच जून महिन्यात ‘द हँगओव्हर’ आला होता आणि लोक तिकडे रांगा लावत होते.

गोष्ट अशी. झेड आणि ओह नावाचे दोन आदिमानव. जंगलात राहणारी टोळी. झेड म्हणजे जॅक ब्लॅक, नावाला शिकारी पण शिकार सोडून सगळं करणारा. ओह म्हणजे सेरा, फळं गोळा करणारा, भित्रा. झेड ज्ञानवृक्षाचं निषिद्ध फळ खातो आणि टोळीतून हाकलला जातो. ओह त्याच्यासोबत निघतो. आणि चालत चालत दोघं थेट बायबलमध्ये पोचतात! काईन आणि हाबेल भेटतात, अब्राहाम इसहाकचा बळी देत असताना हे मधे येतात, मग सदोम शहर, तिथली राजकन्या, देवळातला बळी, वगैरे वगैरे.

कल्पना ऐकायला भारी आहे ना? म्हणजे, आपल्याकडे दोन गुहेतली माणसं चालत चालत महाभारतात घुसली आणि द्रोणाचार्यांच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली, तर? मी तरी तिकीट काढेन.

पण सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला मला काहीतरी गडबड जाणवली. मी हसत होतो, पण ते हसू मी स्वतःहून लावत होतो. गाडी ढकलस्टार्ट करतात तसं. एक सीन आहे, झेड जनावराचा माग काढण्यासाठी जमिनीवर पडलेली विष्ठा उचलून चाखतो. दुसरा सीन आहे, ओहला उलटं टांगलंय आणि त्याला लघवीला लागलीये, पुढचं तुम्हीच समजा. मी छोट्याकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता.

म्हटलं, “अरे बघ की.”

“बघतोय की.”

ज्याला आपण आपलं आवडतं गाणं ऐकवतो, तो ऐकता ऐकता दुसरीकडे बघायला लागला की पोटात कसं होतं, तसं झालं.

हा सिनेमा का फसला यावर मी नंतर पुष्कळ विचार केला, इंजिनिअर आहे, बग सापडल्याशिवाय झोप येत नाही. मला सापडलं ते सांगतो, पटतंय का बघा.

जॅक ब्लॅकचा चांगला सिनेमा आठवा. ‘स्कूल ऑफ रॉक’मधला ड्युई फिन. त्याला रॉक संगीताचं वेड आहे. ‘नाचो लिब्रे’मधला मठातला आचारी, त्याला कुस्तीचं वेड आहे. पांडा पो, त्याला कुंग फूचं वेड. फॉर्म्युला एकच आहे: ज्याला जे जमणार नाही असं सगळं जग सांगतंय, त्याला नेमकं त्याचंच वेड आहे. आणि जग खरोखर अडवतं. शाळेची मुख्याध्यापिका कडक आहे, पालक चिडलेत, पोला पायऱ्या चढताना दम लागतो. जॅक ब्लॅक भुवया उडवतो, ओरडतो, लोळतो, ते सगळं आपल्याला चालतं, कारण त्या ओरडण्यामागे त्याला काहीतरी मनापासून हवं असतं.

झेडला काय हवंय? काहीच नाही. फळ खाल्ल्यावर त्याला वाटायला लागतं की आपण निवडलेले आहोत, आपल्यासाठी काहीतरी मोठं लिहून ठेवलंय. पण कशासाठी, ते त्यालाही माहीत नाही. मग भुवया तशाच उडतात, ओरडणंही तसंच, पण आत काही नाही. रिकामा डबा वाजतो तसा आवाज येतो.

दुसरी गडबड नियमांची. जुन्या काळावर विनोद करायचा तर त्या जगाला नियम लागतात. ‘फ्लिंटस्टोन्स’ आठवतं का? 1960 साली सुरू झालेलं कार्टून. तिथे नियम एकच, की आजच्या प्रत्येक वस्तूची दगडी आवृत्ती असणार. गाडी आहे, पण पायाने पळवायची. नियम कळला की लहान मूलही पुढचा विनोद स्वतः करतं. 1981चा ‘केव्हमन’ बघा, बीटल्सचा रिंगो स्टार त्यात हिरो आहे. त्यात आदिमानव इंग्रजी बोलतच नाहीत, बनवलेल्या मोजक्या शब्दांत बोलतात. सिनेमा काही महान नाही, पण नियम पाळतो, त्यामुळे अंगविक्षेपांना काम मिळतं. आणि माँटी पायथनचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’, 1979चा. ब्रायन रात्री भिंतीवर रोमन लोकांविरुद्ध घोषणा लिहितो, शिपाई पकडतो, आणि शिक्षा काय? तर घोषणेचं लॅटिन व्याकरण चुकलंय म्हणून दुरुस्त करून शंभर वेळा लिही! तलवार मानेवर ठेवून विभक्ती विचारतोय. मराठीच्या तासाला छडी खाल्लेल्या कुणालाही तो सीन समजावून सांगावा लागत नाही.

‘इयर वन’मध्ये तसा नियमच नाही. आदिमानव आहेत, लगेच शेती करणारे काईन-हाबेल आहेत, मग चाकं, गुलामांचा बाजार, तटबंदीचं शहर, देऊळ, राजा. हजारो वर्षं दोन-चार दिवसांच्या चालीत संपतात. खरं तर हाच मोठा विनोद होऊ शकला असता. फळं वेचणाऱ्या माणसाने पहिल्यांदा शेत बघितलं तर त्याला काय वाटेल? एका जागी बसून कुणी उगवण्याची वाट बघतं हेच त्याला खुळचट वाटेल! पण या दोघांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. दोघंही आजच्या पोरांसारखे बाजूला उभे राहून कॉमेंट मारतात. आणि जे पात्र स्वतःच्या जगाला गंभीरपणे घेत नाही, त्याचं पुढे काय होणार याची आपण तरी काळजी का करावी?

हॅरॉल्ड रेमिसला हे माहीत नसेल असं नाही. त्याचाच ‘ग्राउंडहॉग डे’, 1993चा, म्हणजे एका नियमावर उभा राहिलेला अख्खा सिनेमा. रोज तोच दिवस, बस्स. ‘इयर वन’मध्ये तो स्वतः छोट्याशा भूमिकेत आहे, काईन-हाबेलचा बाप आदाम. दिग्दर्शक म्हणून हाच त्याचा शेवटचा सिनेमा ठरला. 2014 साली तो गेला. हे कळल्यावर मला या सिनेमाला शिव्या द्यायला थोडं जड जातं.

असो. परत माझ्या खोलीवर येऊ.

बावन्नावं मिनिट. मला पक्कं आठवतं कारण मी पॉज केलं तेव्हा स्क्रीनवर आकडा होता. छोट्या म्हणाला, “दादा, बंद करूया का?”

मी म्हटलं, “थांब रे, अर्धा बघून झालाय. पुढे चांगला होईल.”

तो काही बोलला नाही. मी प्ले करायला हात पुढे केला. तेव्हा तो म्हणाला, “तू मला पण हेच सांगतोयस ना? दोन वर्षांपासून.”

मी म्हटलं, “काय?”

“थांब, अर्धं झालंय. पुढे चांगलं होईल.”

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. स्क्रीनवर जॅक ब्लॅकचं तोंड उघडं तसंच थांबलेलं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी मी तेव्हा त्याला लगेच सांगितली नाही. छोट्याची फी मी भरत होतो. बाबांच्या पेन्शनमध्ये ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून मीच पुढे होऊन म्हटलं होतं, मी बघतो. त्याला मेकॅनिकल घ्यायला लावणाऱ्यांत मीही होतो. बाबांनी आयुष्यभर गाड्यांखाली झोपून काम केलं, त्यांचा मुलगा गाडीचा इंजिनिअर होणार, हे मला फार भारी वाटलं होतं. बाबांना तर वाटलंच होतं. छोट्याला काय वाटतं, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि गंमत म्हणजे ही चूक मला चांगली ओळखता येते. निदान दुसऱ्यांची. ऑफिसमध्ये आम्ही एक मॉड्यूल आठ महिने लिहीत होतो. चौथ्या महिन्यात टीममधल्या सगळ्यांना कळलं होतं की हे कुणी वापरणार नाही. पण मीटिंगमध्ये एकच वाक्य, “इतकं झालंय, आता कसं सोडायचं?” आठव्या महिन्यात सोडलंच. म्हणजे चार महिने जास्तीचे गेले. याला अर्थशास्त्रात नाव आहे, बुडीत खर्चाचा भ्रम. जो पैसा, जो वेळ गेलाय तो काहीही केलं तरी परत येणार नाही. म्हणून पुढचा निर्णय पुढे काय मिळणार त्यावर घ्यायचा, मागे किती गेलं त्यावर नाही. मी यावर ऑफिसात प्रेझेंटेशन दिलंय राव! आणि घरी येऊन मी भावाला सांगतोय, अर्धा बघून झालाय.

मी लॅपटॉप बंद केला. म्हटलं, “बरं. मग काय करायचंय तुला?”

तो बराच वेळ पायाचं नख खरवडत बसला. मग म्हणाला, “साउंड.”

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे जत्रांचा सीझन असतो, तमाशा, ऑर्केस्ट्रा, भजनाचे कार्यक्रम. गावातल्या एका मंडप-साउंडवाल्याकडे हा सुट्टीत जायचा हे आम्हाला माहीत होतं, आम्हाला वाटायचं पोरगं खर्चाला पैसे कमावतंय. तो सांगत होता की पत्र्याच्या मंडपात आवाज का फुटतो, माइक शिट्टी मारायला लागला की आधी काय कमी करायचं, ढोलकी आणि गाणाऱ्या बाईचा आवाज एकमेकांवर चढू नये म्हणून काय करतात. वीसेक मिनिटं सलग बोलला. मी त्याला एवढं बोलताना लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकलं. हातवारे करत होता, भुवया उडवत होता.

हो, मला जॅक ब्लॅकच आठवला. आणि मी घाबरलो. कारण सिनेमात हे छान दिसतं. माझ्या सख्ख्या भावाने हे म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला, महिन्याला किती मिळतात? जत्रा संपल्यावर काय? आई काय म्हणेल, मंडपवाला होणार का?

इथे मला एक मोह झाला होता. मला जॅक ब्लॅकच्या घरची गोष्ट माहीत होती. त्याचे आईवडील दोघंही उपग्रहांवर काम करणारे इंजिनिअर. आई, जुडिथ लव्ह कोहेन, अपोलोच्या चांद्रयानात आणीबाणीत वापरायची जी मार्गदर्शन यंत्रणा होती, तिच्यावर काम करायची. त्या कुटुंबातली आठवण अशी, की जॅकच्या जन्माच्या दिवशी त्या हॉस्पिटलला जाताना एका अडलेल्या प्रॉब्लेमचा प्रिंटआउट सोबत घेऊन गेल्या, तो सोडवला, साहेबांना फोन करून उत्तर सांगितलं आणि मग सांगितलं की हो, बाळही झालंय. ही यंत्रणा पुढे अपोलो 13 परत येताना उपयोगी पडली. जॅकचा मोठा सावत्र भाऊ, नील सीगल, तोही नावाजलेला इंजिनिअर. आणि धाकट्याने यूसीएलए अर्धवट सोडून नाटक धरलं.

थोरला इंजिनिअर, धाकट्याने कॉलेज सोडलं. इतकं जुळत होतं की जिभेवर आलं होतं. पण नाही सांगितलं. कारण तो पुरावा नाही. कॉलेज सोडून यशस्वी झालेल्यांची आपल्याला नावं माहीत असतात, बाकीच्यांची कुणी मुलाखत घेत नाही. म्हणून श्रोत्यांनो, या एपिसोडमधून ‘दादा म्हणाला कॉलेज सोड’ असा अर्थ काढू नका, घरी मार खाल आणि माझं नाव सांगाल.

आम्ही त्या रात्री काय केलं, तर वही काढली. खरंच. एका बाजूला मेकॅनिकल पूर्ण करायला लागणारी वर्षं आणि फी, दुसऱ्या बाजूला साउंडचं शिक्षण. शोधता शोधता कळलं की इथे पुण्यातल्या एफटीआयआयमध्ये साउंड शिकवतात, पण तिथे जायला आधी पदवी लागते. छोट्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, पदवी लागते, मेकॅनिकलचीच लागते असं कुठे लिहिलंय? रात्री दीडला आम्ही बीएस्सी फिजिक्सच्या सिलॅबसमध्ये ध्वनीचा धडा शोधत होतो.

घरी सांगायला मी त्याच्यासोबत गेलो. बाबा काही बोलले नाहीत, अंगणात जाऊन बसले. आई मला म्हणाली, “तुला समजवायला सांगितलं होतं, बिघडवायला नाही.” महिनाभर आई माझ्याशी फोनवर फक्त ‘जेवलास का’ एवढंच बोलत होती. ते बरोबरच होतं म्हणा. भरलेली फी सगळी गेली होती, आणि ती फक्त माझी नव्हती, तिच्या स्वप्नाचीही होती.

बाबांचं मात्र वेगळंच झालं. काही महिन्यांनी गावात भजनाचा कार्यक्रम होता, साउंड छोट्या बघत होता. बाबा मागे जाऊन उभे राहिले. मध्येच घरघर यायला लागली. छोट्याने वायर तपासल्या, सापडेना. बाबा पुढे गेले आणि म्हणाले, “जनरेटरचं अर्थिंग बघ आधी.” तेच निघालं. घरी येऊन बाबा आईला म्हणाले, “काम करतोय पोरगं. हात काळे आहेत त्याचे.” आमच्या बाबांच्या तोंडी याहून मोठं सर्टिफिकेट मी ऐकलेलं नाही.

आता छोट्या विट्यात बीएस्सीला आहे. पहिलं वर्ष आहे, अजून काही सिद्ध झालेलं नाही. एम-थ्री नसलं तरी गणित आहेच, आणि त्याची बोंब आहेच. जमेल, नाही जमणार, मला माहीत नाही. पण आता फोन केला की तो काय चाललंय ते सांगतो. आधी मला फक्त ‘बरं चाललंय’ ऐकू यायचं.

आणि ‘इयर वन’? तो मी नंतर एकट्याने पूर्ण बघितला. हो, बुडीत खर्च वगैरे सगळं माहीत असून! शेवटची पंचेचाळीस मिनिटंही चांगली नाहीत. झेड लोकांना सांगतो की कुणी निवडलेला वगैरे नसतो, आपापलं आपण बघा. आणि शेवटी दोघं मित्र वेगळे होतात. झेड नवं जग शोधायला निघतो, ओह टोळी सांभाळायला गावाकडे परत जातो. निरोपाचा छोटासा सीन आहे, फार काही ग्रेट नाही. मी तो दोनदा बघितला.

जॅक ब्लॅकवर माझा राग नाही. दोन वर्षांनी, 2011 साली त्याने लिंकलेटरसोबतच ‘बर्नी’ केला. टेक्सासमधल्या खऱ्या घटनेवरचा सिनेमा. मयताची तयारी करणारा, सगळ्या गावाचा लाडका, गोड बोलणारा माणूस, आणि त्याच्या हातून झालेला खून. भुवया एकदम शांत. नसेल बघितला तर आज बघा. ‘इयर वन’ नाही बघितला तरी चालेल, तुमच्यासाठी आम्ही बघितलाय.

तुमचा लाडका नट आणि त्याचा तुम्ही शेवटपर्यंत सहन केलेला सिनेमा कुठला, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. मराठीतले चालतील, उलट मराठीतलेच पाठवा. अशोकमामा आणि लक्ष्याच्या फॅन लोकांकडे अशी यादी तयार असणार, मला खात्री आहे.

आणि हो, माइकचं राहिलं. या वेळचा आवाज छोट्याने विट्यातून बसवून पाठवलाय. त्याने सांगितलंय की माइक तोंडापासून वीतभर लांब धर, थोडा तिरका धर, आणि ‘प’ म्हणताना माइकवर थुंकू नकोस. जसं सांगितलं तसं केलंय. ऐकायला बरं वाटलं असेल तर श्रेय त्याचं. फुंकर अजूनही येत असेल तर चूक माझी.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.